बुडबुडे पाहून लिहिलेले शंभर

दुपारी जेवणाची ताटे गोळा झाली की ही शाळा झोपत असे. हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. पडदे ओढले जात, दिवे मालवले जात आणि वर्गावर्गांतली मुले बाकावर हातांची घडी घालून तिच्यावर डोके ठेवत, ती थेट घंटा होईपर्यंत. शिक्षक खुर्चीची पाठ कलती करून डोळे मिटत. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा बसल्या जागी मान टाकत असे. त्या वेळी एवढ्या मोठ्या इमारतीत दोघेच जागे असत : जिन्याखालचे पाण्याचे यंत्र आणि मी. दोघेही गुरगुरत असू.

या परक्या देशात पाय ठेवल्यापासून मला झोप अशी लागलीच नव्हती. डोळा मिटे आणि कोणीतरी हाक मारल्यासारखी जाग येई. छातीत विनाकारण धडधडे. दोन मजले चढले की कठडा धरून उभे राहावेसे वाटे. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे अस्वस्थतेला दृष्ट लागली म्हणून मोकळे होण्याची सोय मला नाही. मी कारणांची रीतसर मांडणी केली होती : पुढे सरकलेले घड्याळ, अनोळखी गादी, उलटलेली पन्नाशी आणि दुसऱ्यांची डझनभर मुले परमुलखात सांभाळण्याची जबाबदारी. कारण सापडले की त्रास निम्मा होतो, असे मी वर्गात सांगत आले आहे. इथे कारणे चार सापडली होती आणि त्रास होता तेवढाच होता. एखाद्या बऱ्या विद्यार्थ्याने यावरून जो निष्कर्ष काढला असता, तो मी काढला नाही.

आमच्याबरोबर आमच्या संस्थेचे सचिव होते. दोन्ही शाळांमध्ये करार व्हावा, दरवर्षी इकडची मुले तिकडे आणि तिकडची इकडे जावीत, ही त्यांची योजना, आणि सही व्हायची होती ती शेवटच्या दिवशी. तोवर साहेबांचे सगळे लक्ष चहावर होते. त्यांनी घरून किटली आणली होती, चहापूड आणली होती, तरी रोज सकाळी तक्रार तीच.

"मॅडम, उकळी बघा कशी फुटलीय. पण चहा रंगच धरत नाही. यांचं पाणीच खोटं!"

"क्षार असतील पाण्यात," मी म्हणाले.

"आणि ती चिवड्याची पाकिटं? सगळी फुगलीत टम्म. आत काहीतरी सडून गॅस धरलाय. टाकून दिली मी. उगाच पोरांच्या पोटाला काही झालं तर कोण निस्तरणार?"

"सामानाला ऊन लागलं असेल," मी म्हणाले. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होते. उत्तर असण्याची सवय वाईट. ती प्रश्न ऐकूच देत नाही.

चहा आणि चिवडा ही साहेबांची दुखणी झाली. मला वेगळेच खुपत होते. इथे कोणी ओरडत नसे. आमच्या शाळेत शांतता म्हणजे कोणीतरी नुकतेच रागावलेले असते. इथे ती न रागावता उपलब्ध होती आणि म्हणून मला तिचा भरवसा वाटत नव्हता. त्याहून विलक्षण होती ती पाहणी. प्रत्येक तासाला वर्गाच्या मागच्या भिंतीशी इतर शिक्षक खुर्च्या टाकून बसत, आणि तास संपला की सगळे एका टेबलाभोवती जमून शिकवणाऱ्याच्या चुका त्याच्या तोंडावर सांगत. शिकवणारा त्या लिहून घेई आणि आभार मानी. पहिल्या दिवशी हे पाहून साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "आपल्याकडे हे सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत निम्मा स्टाफ आजारी पडेल."

मी हसले. मात्र दोन्ही शाळांच्या संयुक्त प्रयोगाचा तास दोन दिवसांवर होता, आणि त्यानंतर त्या टेबलाशी मीही बसणार होते.

आता त्या बारा मुलांतल्या एका मुलीविषयी सांगायला हवे. ती माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. घरी मला आत्या म्हणते, शाळेत मॅडम. आणि रागावली असली म्हणजे घरीही मॅडम. वर्गात तिला 'शंकासुर' म्हणतात. गेल्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी माणूस आपल्या मेंदूचा फक्त दहावा हिस्सा वापरतो असे सांगितले, तेव्हा ही उभी राहून म्हणाली, "हे कोणी मोजलं, सर? आणि उरलेला काढून टाकून बघितला का?" सभागृह हसले. प्रमुख पाहुणे हे सचिवांचे सख्खे मेहुणे होते.

सहलीच्या यादीतून तिचे नाव गळायचे ते मी शब्द टाकला म्हणून राहिले. साहेबांनी अट घातली होती. "येऊ दे. पण तिकडे तिने तोंड उघडलं आणि आपण तोंडघशी पडलो, तर पुढच्या वर्षी ती आपल्या शाळेत नसेल. तुमची भाची म्हणून आधीच सांगून ठेवतो." निघताना वहिनीने माझ्या हातात तिच्या औषधांची पिशवी दिली आणि म्हणाली, "वन्सं, सगळं शिकवता तिला, आता थोडं गप्प बसायलाही शिकवा." मी दोघांनाही होकार दिला होता.

संयुक्त तासाला प्रयोगशाळा भरली होती. सहा टेबलांवर आमचे सहा गट, सहांवर त्यांचे. प्रत्येक टेबलावर विजेची शेगडी, काचेचे पात्र, स्टँड, आणि पेटीत एक तापमापी. यजमान शाळेच्या विज्ञान शिक्षिका बुटक्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या आणि कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सांगितले आणि आमच्या सोबतीला दिलेल्या दुभाषीने आम्हाला समजावले : पाणी तापवा, तापमान चढायचे जिथे थांबेल तो आकडा लक्षात ठेवा, सर्वांचे झाले की सगळे एकदम फळ्यावर लिहा. मागच्या भिंतीशी पाहणी करणारे शिक्षक ओळीने बसले होते. त्यांच्या शेजारी आमचे साहेब, कोट घालून.

प्रयोग सातवीचा होता. मला थोडा अपमानच वाटला. आमच्या मुलांना शेगड्या लावून दिल्या आणि मी टेबलांमधून फिरू लागले. जागच्या जागी उभे राहणे मला त्या दिवसांत जमतच नव्हते. पाणी उकळू लागले. आमचा टॉपर हात झाडून मोकळा झाला.

"माझं झालं, मॅडम!"

"एवढ्यात?"

"बुडबुडे आले की."

मी मान हलवून पुढे गेले. तेवढ्यात शेवटच्या टेबलावरून भाचीचा दबका आवाज आला. "मॅडम, हे त्र्याण्णवावर थांबलंय."

"डोळा पाऱ्याच्या पातळीत आण."

"आणलाय."

"फुगा तळाला टेकला असेल."

"नाही टेकला. आणि टेकला असता तर जास्त दाखवलं असतं, कमी नाही."

हे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच मला राग आला. मागच्या भिंतीशी पेने चालू लागल्याचा भास झाला. "मग अजून पुरतं उकळलं नाही. पुन्हा बघ."

आम्ही दोघींनी पात्रात पाहिले. पाणी अक्षरशः उड्या मारत होते. पारा त्र्याण्णवावर ढिम्म.

"थर्मामीटर खराब आहे," मी म्हणाले. टॉपरच्या टेबलावरच्या पेटीतून त्याची तापमापी काढली आणि तिच्या हातात दिली. ती कोरडी आणि गार होती. हे माझ्या बोटांना कळले. मला कळले नाही.

दुसरी तापमापीही त्र्याण्णवावर जाऊन थांबली. भाचीने माझ्याकडे पाहिले, आणि त्याच क्षणी साहेब मागून येऊन उभे राहिले. "मॅडम, सगळ्यांचं आटपलं. यांच्याच टेबलाची वरात कुठे अडकलीय?"

"शंभर लिही," मी हळूच म्हणाले. "मागून बघू."

"शंभर लिहू?"

"लिही म्हटलं ना!"

बारा गटांतली बारा मुले खडू घेऊन फळ्याशी गेली. सगळ्यांनी एकदम लिहिले, एक हात सोडून. भाची आपल्या ओळीसमोर उभी राहिली, खडू दोनदा उचलला, मग तो शांतपणे फळ्याच्या कडेला ठेवून जागेवर परतली. मुले बाजूला झाली तेव्हा सगळ्या वर्गाला दिसले. आमच्या रकान्यात पाच वेळा शंभर आणि एक रिकामी ओळ. त्यांच्या रकान्यात त्र्याण्णव, त्र्याण्णव, साडेब्याण्णव, आणि पुढे खालपर्यंत तेच.

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा!" ते मला म्हणाले, आवाज दाबण्याचीही तसदी न घेता. "एकाचंही बरोबर आलं नाही! आणि म्हणे शिस्त!" त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साहेब वाजवतात म्हणून आमच्या मुलांनीही वाजवल्या. मागच्या रांगेतल्या कोणी वाजवल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतले.

यजमान बाईंनी फळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि दोन शब्द बोलल्या. दुभाषी म्हणाली, "त्या म्हणतात, चर्चा विश्रांतीनंतर."

आणि शाळा झोपली.

मी व्हरांड्यातून चालत राहिले. टोकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. दोन्ही बाजूंना खिडक्यांतून माना टाकलेल्या मुलांच्या रांगा. एवढ्या झोपेच्या मधून चालताना माणसाला स्वतःच्या चपलांची लाज वाटते. बारा टेबलांपैकी पाचांवर शंभर, सातांवर त्र्याण्णवाच्या आसपास, आणि एक टेबल सोडले तर वाटणी नेमकी देशानुसार? असला योगायोग कुठल्या बुवाने सांगितला असता तर मी त्याची भर सभेत रेवडी उडवली असती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

प्रयोगशाळेचे दार लोटलेले होते. मी आत गेले, शेगडी लावली, पात्रात पाणी घेतले, आमच्या टॉपरची तापमापी टांगली आणि समोर स्टूल घेऊन बसले. पारा चढला. नव्वदीनंतर मंदावला. त्र्याण्णवाला थांबला. मी वाट पाहिली. पाण्याला माझी पदवी ठाऊक नव्हती.

मग एकेक गोष्ट आपोआप रांगेत येऊन उभी राहिली. रंग न धरणारा चहा. फुगलेली पाकिटे. जिन्यावरचा दम. छातीतली धडधड. रात्री लागून तुटणारी झोप. मी खिडकीशी गेले. बाहेर क्षितिजापर्यंत सपाट शेते, सपाट रस्ते, सपाट गच्च्या. विमान अंधारात उतरले होते, बस पडदे लावून आली होती, आणि आजूबाजूला दरी दिसल्याशिवाय आपण उंचावर आहोत असे मानायला माझे मन तयार नव्हते. हे पठार होते. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधी उकळते. नववीच्या पुस्तकातला एक परिच्छेद. मी तो वर्षानुवर्षे तोंडपाठ शिकवला आणि त्याच्या आत राहायला आल्यावर क्षार, ऊन आणि पन्नाशी यांची नावे घेत बसले. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"झोप नाही आली?" मागून आवाज आला. भाची दाराशी उभी होती.

"तुला तरी कुठे आलीय?"

"आपल्यातल्या कोणालाच येत नाही. टॉपर सोडून."

मी तिला हाताला धरून शेगडीपाशी नेले. मला विलक्षण हलके वाटत होते. दाब, उंची, उत्कलनांक, साहेबांचा चहा, सगळे मी एका दमात सांगितले, आणि तो दम मध्येच तुटला तेव्हा त्याचेही कारण सांगितले. "म्हणजे तुझं बरोबर होतं! घंटा झाली की सरळ जा आणि त्या ओळीत त्र्याण्णव लिही."

ती आनंदली नाही. "मॅडम," ती म्हणाली. खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी मॅडम. "सकाळी तुम्ही शंभर लिहायला सांगत होतात. आता त्र्याण्णव लिहायला सांगताय."

"पण आता कारण माहीत आहे!"

"सकाळीही माहीतच होतं की तुम्हाला."

मी गप्प बसले. वहिनीला हे दृश्य आवडले असते.

"मग तू ओळ कोरी का ठेवलीस?" मी विचारले. "तुला तर त्र्याण्णव दिसलं होतं."

"दोनदा दिसलं. पण दोन्ही थर्मामीटर एकाच पेट्यांच्या ढिगातले. सगळेच खोटे असले तर? घरचा वजनकाटा आठवतो? रिकामा असताना दीड किलो दाखवायचा. आईने त्याच्या भरवशावर महिनाभर साखर सोडली होती. तेव्हा कोण म्हणालं होतं, आधी काटा तपासा आणि मग उपास करा?"

"मी."

"मग? मला बर्फ पाहिजे. थर्मामीटर वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवतो का ते बघितल्याशिवाय मी काहीच लिहिणार नाही. काढायचं तर काढा शाळेतून."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"टॉपरने. साहेब बसमध्ये फोनवर बोलत होते." तिने शेगडी बंद केली. "बाबांना सांगू नकोस इतक्यात."

घंटा झाली. व्हरांड्यात साहेब भेटले, डुलकी काढून ताजेतवाने. "मॅडम, चर्चेत फार उगाळत बसू नका. जिंकलेला सामना आहे. त्यांना वाईट वाटेल असं काही नको. उद्या सही आहे."

"साहेब, आपण जिंकलेलो नाही. ही जागा उंचावर आहे. इथे पाणी शंभरला उकळत नाही."

ते थांबले. मग ते म्हणाले, "हे त्यांना माहीत आहे?"

"ते इथेच राहतात, साहेब."

टेबलाभोवती सगळे बसले. मुले भिंतीलगतच्या बाकांवर. पाहणी करणाऱ्यांपैकी एक तरुण शिक्षक उभा राहिला, कागद पाहून बोलला, आणि दुभाषीने डोळे खाली ठेवून भाषांतर केले. "ते म्हणतात, पाहुण्या शिक्षिकांनी एका विद्यार्थिनीला पुन्हा पुन्हा मोजायला लावले. ज्यांनी एकदाही मोजले नाही, त्यांना काही विचारले नाही."

तेवढेच. तो खाली बसला. कोणी माझ्याकडे रोखून पाहिले नाही. माझ्या कानांच्या पाळ्या मात्र तापल्या. आमच्याकडे असे कोणी म्हटले असते तर मी त्याच्याशी वर्षभर बोलले नसते, आणि त्यालाही ते अपेक्षितच असते. इथे तो पुढे सरकवलेल्या कपातले गरम पाणी पीत होता.

मग यजमान बाई बोलल्या, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. दुभाषीचा चेहरा सैल झाला. "त्या म्हणतात, उंचीचा परिणाम पाहुण्यांना अर्थातच माहीत असणार. कदाचित पाहुण्या विद्यार्थ्यांनी दाबाची दुरुस्ती करून, समुद्रसपाटीला जे तापमान आले असते ते लिहिले असेल."

खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते की आमच्या पाच गटांनी तापमापी पाण्यात घातलीच नव्हती. तरीही वाट मोकळी करून दिली होती, सूत्रासकट. इतक्या अदबीने मला आजवर कोणी खोटे बोलायला बोलावले नव्हते.

"हो, हो! दुरुस्ती!" साहेब टेबलावर पुढे झुकले. "अगदी तेच! आमची मुलं नेहमीच दुरुस्ती करतात!"

बाईंनी मान हलवली आणि सौम्यपणे आणखी एक विचारले. दुभाषी म्हणाली, "आणि रिकामी ओळ?"

"ती?" साहेब हसले. "तिला नाही जमलं. लहान आहे. गणित कच्चं आहे तिचं."

भिंतीकडे न पाहण्याचा मी प्रयत्न केला आणि पाहिलेच. भाची खाली बघत नव्हती. रडत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, जसे सकाळी पाऱ्याकडे पाहत होती, तसे : कुठे थांबतो ते बघायला.

"दुरुस्ती केलेली नाही," मी दुभाषीला म्हणाले. "आमच्या पाच गटांनी थर्मामीटर वाचलेलाच नाही. एका मुलीने वाचला. तिला मी शंभर लिहायला सांगितलं, ते तिने लिहिलं नाही. आणि तिचा त्र्याण्णवावरही अजून विश्वास नाही. तिला बर्फ हवा आहे."

दुभाषी माझ्याकडे बघतच राहिली. साहेब ओठ न हलवता म्हणाले, "मॅडम, भाषांतर व्हायच्या आत मागे घ्या."

"सांगा त्यांना," मी दुभाषीला म्हणाले.

तिने सांगितले. माझ्या बोलण्यापेक्षा तिचे बोलणे बरेच लांबले. आमची बाजू कुठे तासून गुळगुळीत केली असेल, ते मला कधीच कळणार नाही. टेबलाभोवती शांतता होती. ही मात्र मला ओळखीची वाटली. कोणीतरी नुकतेच काहीतरी बोललेले असते तीच.

"तुमच्या भाचीचं पुढच्या वर्षाचं मग बघूच आपण," साहेब हळूच म्हणाले.

"दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं, साहेब. काय लिहाल? थर्मामीटर वाचला म्हणून?"

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. कोटाचे बटण लावले, काढले. तिला काढणार असे ते म्हणाले नाहीत, एवढी नोंद मी घेतली, आणि काढणार नाही असेही म्हणाले नाहीत, एवढीही.

यजमान बाई दरम्यान उठून दाराशी गेल्या होत्या. स्वयंपाकघरातून बर्फाचे घमेले आले. भाची बाकावरून उठली. बर्फ कुटला, पात्रात भरला, थोडे पाणी घातले, एक तापमापी आत खोचून ती वाट पाहू लागली. पाहणी करणारे सगळे शिक्षक तिच्याभोवती उभे राहिले. कोणी घाई केली नाही. मला मात्र एका जागी उभे राहवेना. माझा भार अजून या पायावरून त्या पायावर चालला होता. कारण सापडले होते आणि त्रास निम्मा झालेला नव्हता.

"आत्या," भाची म्हणाली. सगळ्यांच्या देखत, दोन शाळांच्या समोर. "तू वाच. मी आकडा सांगणार नाही."

मी गुडघे वाकवले, डोळा पातळीत आणला. शून्य असणार हे मला माहीत होते. म्हणून मी डोळे मिटून पुन्हा उघडले आणि मग पाहिले. पारा शून्याच्या रेषेवर नव्हता. तिच्या वर होता, जवळजवळ एक पूर्ण घर वर.

"एक," मी म्हणाले. "जरासा कमी. पण एक."

यजमान बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक बर्फाला लागेल इतक्या खाली वाकल्या. खूप वेळ तशाच राहिल्या. मग सरळ होऊन फळ्यापाशी गेल्या आणि आपल्याच मुलांच्या रकान्यातल्या सहाही आकड्यांपुढे एकेक प्रश्नचिन्ह काढले. पाहणी करणाऱ्या रांगेत कोणीतरी काहीतरी बोलले आणि पहिल्यांदाच ती सगळी माणसे मोठ्याने हसली.

"म्हणजे त्यांचंही चुकलं!" टॉपर जवळजवळ नाचलाच. "मॅडम, बरोबरी! बरोबरी झाली!"

"गप रे," भाची म्हणाली. तिने दुसरी पेटी उघडून त्याच्याकडे सरकवली. "अजून अकरा बाकी आहेत. हा तू धर. हा तुझाच आहे, तू हातही न लावलेला."

टॉपरने तापमापी बर्फात खोचली. त्याला वाकायला लावावे लागले नाही. तो आपणच वाकला, एक डोळा मिटून. साहेब दारात उभे होते, बाहेर जावे की आत यावे याच्या मधोमध.

"किती?" मी विचारले.

"थांबा, मॅडम," तो मान न वळवता म्हणाला. "अजून हलतोय."